सिंहाच्या समाचाराला

बसा भाऊजी, घाई करू नका. तो चारपर्यंत झोपतो आणि मध्येच उठवलेलं त्याला आवडत नाही. आत्ता कुठे सव्वातीन होतायत. नोव्हेंबरात इथे दुपारीच अंधारून येतं, म्हणून हा दिवा लावून ठेवते. चहा घ्या. कार्डिफहून चार तास गाडी चालवत आलात, वर मोटरवेला धुकं. मित्राला भेटायला आलात हे मला ठाऊक आहे, पण फोन मी केला होता. का केला ते आधी ऐकून घ्या. आवाज मात्र हळू ठेवा हं, या घरांच्या भिंती फार पातळ आहेत.

माझं काम तुम्ही सगळे नेहमी चेष्टेवारीच न्यायचात. श्रीनिवास तर पार्टीत हमखास सांगायचा, "मी माणसांना भूल देऊन झोपवतो आणि ही मेलेली पुस्तकं जागी करते." सगळे हसायचे, मीही हसायचे. कॉलेजच्या लायब्ररीतली जुनी पुस्तकं दुरुस्त करायची, एवढंच काम. फाटलेलं सांधायचं, भोकं बुजवायची, शिवण नवी घालायची. गव्हाची खळ, जपानी कागद, सुया, ब्रश. दिवसभर कोणी बोलायला नसतं, आणि मला ते बरं वाटायचं.

या वसंतात मिस्टर हॅलमनी, म्हणजे आमच्या लायब्रेरियननी, एक पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं. तळहाताएवढं, चारशे वर्षांपूर्वीचं. ग्रीक-लॅटिनमधल्या प्राण्यांच्या नीतिकथा इंग्रजीत आणलेल्या. त्या काळी इथे अशी पुस्तकं पुष्कळ छापली जायची. पोरांना वाचायलाही येईल आणि वागायलाही, असा हिशेब. पहिलं पान गहाळ, त्यामुळे कोणी छापलं, नेमकं कोणत्या साली, काही पत्ता नाही. साठेक गोष्टी. प्रत्येकीच्या डोक्यावर लाकडी ठशाचं चित्र आणि खाली जाड अक्षरात तात्पर्य. पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी हाताळून त्याचा पार चोळामोळा झाला होता.

आमच्यात एक नियम असतो. पुस्तकाला हात लावण्याआधी त्याची अवस्था लिहून काढायची. कुठे डाग आहे, कुठे भोक आहे, पानात अडकलेला केससुद्धा लिहायचा. प्रत्येक पानाचा फोटो घ्यायचा. म्हणजे उद्या कोणी विचारलं की हे तू केलंस का, तर आपल्याकडे उत्तर असतं. मी ते सगळं लिहिलं होतं, भाऊजी. माझ्या अक्षरात आहे, तारीख घालून.

एकतिसाव्या पानावर आजारी सिंहाची गोष्ट होती. आपण शाळेत शिकलोय ती. सिंह म्हातारा झालाय, शिकार होत नाही, म्हणून गुहेत पडून राहतो आणि आजारी असल्याची बातमी पसरवतो. प्राणी एकेक करून समाचाराला येतात. कोल्हाही येतो, पण बाहेरच उभा राहून तब्येत विचारतो. सिंह म्हणतो, आत ये ना. कोल्हा म्हणतो, महाराज, आत गेलेली पावलं दिसतायत, बाहेर आलेलं एकही दिसत नाही.

चित्रात गुहा होती, काळीकुट्ट. आत सिंहाचं तोंड. कुठल्यातरी पोरानं टाचणीनं त्याचे दोन्ही डोळे टोचून काढले होते, पान उजेडाला धरलं की दोन बारीक उजेडाचे ठिपके दिसायचे. गुहेकडे जाणाऱ्या पावलांच्या आठ रांगा होत्या. खूर, नख्या, पंजे. मी दोनदा मोजून आठ लिहिल्या. आणि जिथे कोल्हा उभा असायचा तिथे किड्यांनी कागद खाऊन अंगठ्याएवढं भोक पाडलं होतं. सगळं बघून सावध करणारा तेवढा एकच प्राणी, नेमका तोच नव्हता. खालचं तात्पर्यही कधीतरी बांधणी करताना कापलं गेलं होतं.

भोक मी बुजवलं. पण बुजवलेला कागद कोराच ठेवायचा असतो. गेलेलं चित्र पुन्हा काढायचं नाही. मिस्टर हॅलम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, "कागद सांधायचा, गोष्ट नाही." एकोणीस वर्षं मी हा नियम पाळला.

मग ऑगस्टमध्ये श्रीनिवासला ताप आला. पुढचं तुम्हाला फोनवर कळत होतंच. तुम्ही तेव्हा आईंच्या आजारपणात पुण्याला अडकला होतात, नाहीतर आला असतात. ताप, मग न्यूमोनिया, मग ज्या मशीनवर तो जन्मभर दुसऱ्यांना ठेवायचा त्याच मशीनवर तो. चार आठवडे. कन्सल्टंट त्याच्याच ओळखीचा, माझ्याशी बोलताना बुटांकडे बघायचा. मी डॉक्टरची बायको आहे, डॉक्टर बुटांकडे बघायला लागला की काय समजायचं ते मला कळतं.

त्यातच गौरी आल्या. मी म्हटलं होतं, या वर्षी नको. पण वीणा हट्टाला पेटली. चौदा वर्षांची पोर, "बाबासाठी करूया ना, आई." मग तांदळाचं पीठ भिजवलं. मूठ बुडवून उंबऱ्यापासून ठसे उमटवत आले, वर बोटानं पाच-पाच ठिपके. सगळी पावलं आत येणारी. बाहेर जाणारी आपण कधी काढत नाही.

आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. गौर आणणारी उंबऱ्यावर थांबते. घरातली विचारते, कोण आलं, कशाच्या पावलांनी आलं? मग आणणारीनं नाव घेऊन उत्तर द्यायचं, गौर आली, सुखासमाधानाच्या पावलांनी आली. त्याशिवाय आत यायचं नाही. माझी आई म्हणायची, विचारलंस आणि उत्तर दिलं नाहीस तर दार नुसतंच उघडं राहतं, मग कोणीही येईल. वीणानं विचारलं, "कोण आला? कुठला पाऊलने आला?" मी तिला हसलेसुद्धा, चार आठवड्यांत पहिल्यांदा, आणि नीट उत्तर देऊन गौर आत आणली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता कन्सल्टंटनं बोलावलं होतं. मशीन बंद करण्याबद्दल बोलायचं होतं. तोपर्यंत घरात बसवेना म्हणून कामावर गेले. खिडकीतून ऊन येत होतं. टेबलावर एकतिसावं पान उघडं, मी बुजवलेली ती कोरी जागा वाळून पांढरी झालेली. आठ रांगा आत जाणाऱ्या, बाहेर एकही नाही. मी ते बघत किती वेळ बसले कोण जाणे. आणि मग, भाऊजी, मी बारीकात बारीक ब्रश घेतला, काळ्या रंगात बुडवला, आणि त्या कोऱ्या जागेत दोन पावलं काढली. गौरीसारखी, माणसाची, वर पाच-पाच ठिपके. गुहेतून बाहेर येणारी.

मी वेडी झाले नव्हते. मला माझा नवरा परत हवा होता, एवढंच. आणि हात पावलं काढत होता तेव्हा तोंडानं सवयीनं विचारलं, कोण आलं... कशाच्या पावलांनी आलं?

आणि फोन वाजला.

हॉस्पिटलमधून होता. श्रीनिवासनं डोळे उघडलेत, लगेच या. मी ब्रश टाकला आणि धावत सुटले. आनंदानं रडत धावत होते. उत्तर द्यायचं राहिलं, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

दोन आठवड्यांनी तो घरी आला. कन्सल्टंट म्हणाला, असं क्वचितच होतं. मागच्या खोलीत पलंग टाकला, कारण जिना चढवत नव्हता. श्रीनिवास म्हणाला, पडदे ओढून ठेव. उजेड सोसत नाही, आणि तरी नीट दिसतही नाही. डोळे तपासून घेतले, काही दोष नाही. खोलीत एक वास असतो, तुम्हालाही येत असेल. ओल्या गवताचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी. मी चादरी रोज बदलते.

तुमच्या मित्राला पाहुण्यांचा किती कंटाळा होता, आठवतंय ना? मंडळाची माणसं आली की वरच्या खोलीत लपायचा आणि मला सांगायचा, "सांग, ऑन कॉल आहे." तो माणूस आता सकाळी डोळे उघडले की विचारतो, "आज कोण येणार आहे?" इतक्या गोड आवाजात विचारतो. आलेल्याला म्हणतो, "जवळ या ना. नीट दिसत नाही. आणखी जवळ या."

पहिल्या आल्या शेजारच्या मिसेस ब्रॅडली, ॲपल क्रंबलचं भांडं घेऊन. काठी टेकत आत गेल्या, वीस मिनिटं बसल्या, बाहेर येऊन म्हणाल्या, "किती सभ्य माणूस आहे तुझा नवरा." चौथ्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या, कोणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही. त्या आठवड्यात श्रीनिवास पहिल्यांदा पोटभर जेवला.

मग तुमच्या होस्टेलचा हरीश आला ल्यूटनहून. सात दिवसांनी हार्ट अटॅक, सेहेचाळीसाव्या वर्षी. इकडे श्रीनिवासच्या गालांवर रंग चढला.

मी कामावर परत गेले होते. पुस्तकासाठी पेटी बनवायची राहिली होती, मापं घ्यायला ते उघडलं. एकतिसावं पान आपोआप उघडलं. भाऊजी, रांगा दहा होत्या. नवव्या आणि दहाव्या रांगेत खूर नव्हते... बूट होते. नवव्या रांगेत प्रत्येक पावलाशेजारी एक ठिपका, काठी टेकल्यासारखा. दहाव्या रांगेत उजवं पाऊल किंचित बाहेर वळलेलं. हरीशची चाल तुम्हाला माहीत आहे. शाई चारशे वर्षांपूर्वीची, कागदात मुरलेली. जुनी शाई माझ्याइतकी इथे कोणी ओळखत नाही.

मिस्टर हॅलमना दाखवलं. सोबत काम सुरू करण्याआधी काढलेला फोटो, त्यात आठ. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, "मोजताना चूक झाली असेल, वैजयंती." मी फोटोवर बोट ठेवलं. ते भिंग खाली ठेवून निघून गेले. बाहेर येणारी दोन पावलं त्यांना दिसली असणार, पण माझी अवस्था बघून तो विषय त्यांनी काढला नाही. उलट गुरुवारी द्राक्षं घेऊन श्रीनिवासला भेटायला आले. मी केमिस्टकडे गेले होते. वीणानं दार उघडलं. मी परत आले तोवर ते भेटून निघाले होते...

अकरा रांगा आहेत आता.

तुम्हाला वाटतंय, वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला. मलाही तसंच वाटावं अशी फार इच्छा होती. मी ती दोन पावलं पुसायला गेले. ओल्या कापसानं, मग ब्लेडच्या पात्यानं. कागद झिजला, रंग निघेना. त्या दिवशी घरी आले तर श्रीनिवास भिंतीकडे तोंड करून कण्हत होता. म्हणाला, "आज पाय सोलल्यासारखे दुखतायत." चादर वर करून बघितलं. तळपाय लालभडक, साल गेलेले. पुन्हा ते पान खरवडण्याचं धाडस झालं नाही. कसाही असला तरी घासून काढायचा तो माझा नवरा आहे ना, भाऊजी? मला खात्री असती तर मी केलं असतं. खात्री नाही, तेच तर.

एकदाच, मागच्या रविवारी दुपारी, तो गाढ झोपेत बोलला. त्या गोड आवाजात नाही, त्याच्या स्वतःच्या, जुन्या, चिडक्या आवाजात. घरी आल्यापासून त्यानं मला वैजू म्हणून हाक मारली नव्हती. झोपेत म्हणाला, "वैजू... इथे फार गर्दी आहे गं."

मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. गुहेतून आणलं कोणाला आणि आत ठेवलं कोणाला, हे मला तेव्हा कळलं. आणि कळूनही मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला सूप भरवलं, उशा उंच केल्या.

आता येतं कोण? मंडळात कुजबुज आहे की आमच्या घराला काहीतरी लागलंय. तीन आठवड्यांत एक माणूस फिरकलेलं नाही. त्याचे गाल पुन्हा बसायला लागलेत. आणि सोमवारपासून त्यानं सुरू केलंय, "वीणाला पाठव ना. शाळेतून आली की वाचून दाखवू दे. माझ्याजवळ बसून."

पाठवली नाही. सांगते, अभ्यास आहे, सर्दी आहे. तिला ब्रिस्टलला माझ्या बहिणीकडे, सुमनकडे ठेवून आले, तर दुसऱ्या दिवशी एकटी ट्रेननं परत आली. म्हणाली, "बाबानी बोलावला." मी विचारलं, फोनवर? तर म्हणे, "नाही, असाच. मला ऐकू आलं." माझ्यावर रागावली आहे. बाबा बरा झालाय आणि आई त्याला मुलीशी भेटू देत नाही, असं तिचं म्हणणं. तिच्या जागी मीही रागावले असते.

म्हणून तुम्हाला फोन केला. त्याचा आग्रह होताच, "शश्याला बोलव, शश्याला बोलव." मी स्वतःला सांगितलं, शशिभाऊजी गाडी घेऊन येतील, त्यांना सगळं सांगू, ते वीणाला शाळेच्या फाटकातूनच कार्डिफला नेतील, तिची बॅग मी भरून ठेवलीय, ती बघा जिन्याखाली. पण खरं सांगते. फोन ठेवला तेव्हा मनात पहिला विचार आला तो हा की, ते आत गेले तर वीणाचे काही दिवस निघतील. माझ्या मनात हा विचार आला, भाऊजी. तुम्ही आमच्या लग्नात त्याच्या पाठीशी उभे होतात आणि मी हा विचार केला. सगळं पाहिलेली मी एकटीच आहे आणि तीन माणसं या दारातून आत गेली, मी तोंडातून शब्द काढला नाही. आज निदान काढला.

तेव्हा उठा. चहा राहू द्या. ती बॅग घ्या, गाडी सुरू करा, कोपऱ्यावर उभे राहा. ती सव्वाचारला येते. आणि आज निघताना येतो म्हणू नका. आपल्यात जातो म्हणत नाहीत, मला माहीत आहे, पण आज जातो म्हणा आणि पुन्हा या घरी येऊ नका. मी राहते त्याच्यापाशी. माझं काय व्हायचं ते होईल, दार मी उघडलंय.

...ऐकलंत? उठला वाटतं.

नका, भाऊजी. हाक ऐकून असं हलू नका. "शश्या" म्हणतोय, होस्टेलमधल्यासारखं. आवाज अगदी त्याचाच वाटतो, मला माहीत आहे... मला माहीत आहे हो. डोळे पुसा. काय म्हणालात? दोन मिनिटं नुसतं डोकावून येतो?

येतो म्हणालात तुम्ही.

थांबा. जाण्याआधी इकडे, दाराशी एकदा बघा. हे तुमचे बूट. काढलेत तेव्हा टोकं रस्त्याकडे होती, मी मुद्दाम तशी वळवून ठेवली होती. आता ती आतल्या बाजूला आहेत. नाही, मी हात लावला नाही, मी तुमच्यासमोर या खुर्चीतच होते.

आणि त्यांच्या शेजारी ते छोटे काळे बूट... ओले... तेही आतच वळलेले. ते वीणाचे शाळेचे आहेत.

आत्ता चार वाजतायत. ती सव्वाचारला येते. भाऊजी, तुम्ही दार वाजलेलं ऐकलंत का?